उंच लागतंय का?

दात भरून झाला की निळा कागद मधे सरकवून
मी प्रत्येकाला हेच विचारते,
चावा. उंच लागतंय का?

केसाएवढा उंचवटा
माझ्या आरशाला दिसत नाही.
ज्याचा जबडा, त्यालाच कळतो.
तसाच राहिला तर दुखायला लागतो
समोरचा दात,
ज्याला कुणी हातही लावलेला नसतो.

सेलूला स्टेशन रोडवर, खताच्या दुकानाच्या माडीवर
माझा दवाखाना. नळ आठ दिवसांनी येतो.
लिंबाजीमामा टाकीच्या झाकणावर खडूनं तारीख लिहितात
आणि खुर्चीच्या पाण्याचा हिशोब तोंडी ठेवतात.
आत तहसीन, माझ्या डाव्या हाताला.
बाहेर सुकेशिनी, वही, फोन
आणि बाकावरची माणसं.
सात तारखेला पगार. मला वाटायचं, झालं की.
पाटीवर रंगवून घेतलं होतं, ‘आणि सहकारी’.

त्याआधी साडेतीन वर्षांत पाच जणी सोडून गेल्या.
पाचवीनं निरोप धाडला, आईला बरं नाही.
आई मला दुसऱ्याच दिवशी बाजारात भेटली,
मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत,
ठणठणीत.
मी काहीच विचारलं नाही. भाव विचारला मेथीचा.

मग प्रयागबाई आल्या, देवगाव फाट्याहून.
खालची दाढ, हलणारी, पाच मिनिटांचं काम.
गोळ्या चालू आहेत का काही? न्हाई माय.
दाढ आली. रक्त थांबेना.
बोळ्यावर बोळा. टाके.
तहसीनचा अंगठा चाळीस मिनिटं तिथंच, वाकडा होईस्तोवर.
मामा धावत रसवंतीवरून बर्फ घेऊन आले, उपरण्यात.

थांबलं एकदाचं.
आणि सुकेशिनी दारात उभी.
‘मॅडम, त्यांच्या पिशवीत रक्त पातळ व्हायच्या गोळ्या हायत.
मघाशी बाकावर पुडी दाखवली मला,
जेवणाआधीची कोणती, वाचून दे म्हणल्या.’
मग कामून नाही सांगितलंस?
‘मागं एकदा आले होते सांगायला. तुम्ही म्हणलात,
काम चालू असताना दार उघडायचं नाही.’

मला ते वाक्य आठवेना.
तिला वारासकट आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी शटर अर्धंच वर केलं
आणि मी खुर्चीत जाऊन आडवी झाले, पेशंटच्या.
छताला ओल आलेली. पंख्याच्या पात्याला जाळी.
आठ वर्षांत मी हे छत पाहिलंच नव्हतं.
म्हटलं, सांगा. उंच लागतंय का कुठं?

कुणी बोलेना. खाली खताची पोती उतरत होती,
तेवढाच आवाज.
मग मामा म्हणाले,
‘लाईट गेली की तुम्ही माझ्याकडं बघता, बाई.
जशी काय मीच घालवली.’
तहसीन हसली, आणि हसता हसता म्हणाली,
मी मांडलेल्या ट्रेमधलं तुम्ही न सांगता उचलता,
मग संध्याकाळी एक सुई कमी भरते
आणि केरात हात घालून मी शोधते.
सुकेशिनी त्या दिवशी काहीच बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी बोलली.
ते मी इथं लिहिणार नाही.

घासताना घाई करायची नाही, हे मला शिकवलेलं होतं.
एकदम घासलं तर आतलं उघडं पडतं, झोंबतं.
थोडं घासा, पुन्हा कागद, पुन्हा चावा.

आता दाराला वीतभर काच आहे. सुताराकडून तिरकीच बसली.
सुकेशिनी त्यावर बोटानं दोनदा वाजवते,
मी हात थांबवते.
मामा आजकाल लाईट गेली की आधी स्वतःच ओरडतात, मी नाही!
एवढंच. फार काही झालेलं नाही.
आवाज अजून चढतो माझा. परवा गुरुवारी चढला,
खुर्चीभोवती सगळं गप्प झालं.
तहसीननं खण उघडला
आणि काही न बोलता
माझ्या ट्रेच्या कडेला, अवजारांच्या रांगेत
ठेवला एक निळा कागद.